'होपफुली' : पण आशा कुणाची?

आपल्या आवारात सध्या उठल्यासुटल्या कानी पडणारा इंग्रजी शब्द कोणता, असे कुणी विचारले तर मी 'होपफुली' हेच उत्तर देईन. 'होपफुली सोमवारी तास होईल.' 'होपफुली बस वेळेवर येईल.' मराठी बोलणारेही तो वापरतात, कानडी बोलणारेही.

या शब्दाचा जुना अर्थ 'आशेने'. 'तिने होपफुली दाराकडे पाहिले' यात आशा तिची. 'होपफुली ती येईल' यात मात्र आशा तिची नव्हे, बोलणाऱ्याची. हा दुसरा प्रयोग १९६० नंतर अमेरिकेत फार बोकाळला आणि शुद्धतावादी खवळले. स्ट्रंक व व्हाइट यांच्या 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल'च्या १९७९ च्या आवृत्तीत त्याची चांगलीच हजेरी घेतलेली आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने तो मान्य केला तो थेट एप्रिल २०१२ मध्ये.

व्याकरणाचा आक्षेप मला लंगडा वाटतो. 'फ्रँकली', 'सॅडली', 'फॉर्च्युनेटली' हे शब्दही सबंध वाक्यालाच लागतात. त्यांच्यावर कुणी खटला भरला नाही. आपलेच 'सुदैवाने' घ्या. 'सुदैवाने पाऊस थांबला' म्हटल्यावर पावसाची पत्रिका कुणी मांडत नाही!

माझी तक्रार वेगळी आहे. 'आय होप' म्हणताना 'मी' उच्चारावाच लागतो. कानडीत 'आशिसुत्तेने' म्हटले की 'मी' क्रियापदाच्या शेपटालाच चिकटलेला असतो. मराठीत 'मला आशा आहे' म्हणता येते. (नुसते 'आशा आहे' म्हणून अंग काढून घेण्याची सोय आपल्याकडेही आहे, ती गोष्ट निराळी.) 'होपफुली'त आशा उरते, आशा करणारा नाहीसा होतो. विद्यार्थी म्हणतो, 'सर, होपफुली उद्या निबंध देईन.' निबंध लिहायचा त्यानेच, मग आशा कशाची? पावसाची आशा करावी, निकालाची करावी. आपल्याच हातातल्या कामाची कसली करायची? आम्ही प्राध्यापकही काही कमी नाही. 'होपफुली पुढच्या आठवड्यात पेपर तपासून होतील.' तपासणारा कोण, ते वाक्यात कुठेच नाही.

इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत हा शब्द आला म्हणून गुण कापू नयेत, एवढे माझे सहकाऱ्यांना सांगणे आहे. मात्र सूचनाफलकावर 'होपफुली उद्यापासून पाणी येईल' असे लागले, तर खाली सही करणाराला गाठून ही आशा नेमकी कुणाची, हे विद्यार्थ्यांनी जरूर विचारावे.