अठरा अंगठे

१८ डिसेंबर १९७८ रोजी बीजिंगमध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीची बैठक सुरू झाली. डेंग झियाओपिंग यांच्या आर्थिक सुधारणांची वर्षे तिथून मोजतात. आम्हाला मात्र त्याच हिवाळ्यातली दुसरी बैठक अधिक मोलाची वाटते. आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग नावाच्या उपाशी खेड्यात अठरा शेतकऱ्यांनी चोरून एक कागद केला. कम्यूनची सामाईक जमीन घरटी वाटून घ्यायची, सरकारचे धान्य सरकारला घालायचे, उरेल ते आपले. यापायी कोणी तुरुंगात गेला, तर त्याची पोरे अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. खाली लाल अंगठे. (बीजिंगच्या बैठकीतल्या शेतीविषयक मसुद्यात असल्या वाटणीला चक्क मनाई होती.) पुढल्याच हंगामात पीक कैकपटींनी वाढले.

अशी वाटणी पुढे देशभर झाली, आणि शेतातून सुटलेले हात मग किनाऱ्यावरच्या कारखान्यांत गेले. चार दशकांत सुमारे ८० कोटी चिनी माणसे अतिगरिबीतून बाहेर आली. क्रिस्टोफ लाकनर आणि ब्रँको मिलानोविच या अर्थतज्ज्ञांनी साऱ्या जगातली माणसे गरिबापासून श्रीमंतापर्यंत एका रांगेत धरली आणि १९८८ ते २००८ या वीस वर्षांत कोणाची मिळकत किती वाढली, याचा आलेख काढला. चित्र निघाले हत्तीचे. उंच पाठीवर मुख्यतः चीन आणि बाकीच्या आशियातली माणसे, वर वळलेल्या सोंडेच्या टोकाला अतिश्रीमंत, आणि सोंड जिथे खाली झुकते तिथे अमेरिका-युरोपातला कामगार. तिकडच्या राजकारणातला कडवटपणा बराचसा त्या खळग्यातून येतो. सगळे खापर चीनवर फोडता येणार नाही म्हणा. यंत्रांनीही नोकऱ्या खाल्ल्या.

जग हे एकच गाव धरले तर विषमता घटली. चीनच्या आत मात्र वाढली. शहरात राबणाऱ्याची सरकारी नोंद, 'हुकोऊ', गावचीच राहते. मग शहरातली शाळा अवघड, आणि पोरे आजीआजोबांपाशी. कोकणातल्या घरांना हे समजावून सांगायला नको.

आता चीनचे दरडोई उत्पन्न जागतिक सरासरीजवळ आले आहे. तो आणखी वाढला तरी जगातली दरी पूर्वीसारखी बुजणार नाही. ते काम आता भारत आणि आफ्रिकेच्या वाट्याला आले. १९९० मध्ये आपण चीनच्या किंचित पुढेच होतो. आज त्याच्या पाचव्या हिश्श्यावर आहोत, आणि आपल्या शंभरातले पंचेचाळीसेक कामकरी अजून शेतीतच.

आणि श्याओगांग? पोट एका वर्षात भरले. पण त्यानंतरची वीस वर्षे गाव काही सधन झाले नाही. तरुण मंडळी किनाऱ्याकडे निघून गेली.