सही जुळते आहे तोवर

सही जुळत नाही म्हणून वडिलांचा चेक परत येतो, तेव्हा घरात त्यांच्या विस्मरणाचा आणि पैशांच्या व्यवहारांचा विषय पहिल्यांदा निघतो. तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

घरचे म्हणतात, ‘काळजी कसली, कुलमुखत्यारपत्र केलंय ना!’ फसगत होते ती इथेच. आपल्या 1872च्या करार कायद्याप्रमाणे, पत्र करून देणाऱ्याची बुद्धी थाऱ्यावर राहिली नाही की मुखत्यारी संपते. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो रद्दी. नॉमिनीचा हक्क माणूस गेल्यावरचा. आणि 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रतिनिधी नेमू देतो तो उपचारांपुरता. त्या कागदावर एफडी मोडत नाही.

मग उरतं कोर्ट. कोमातल्या माणसांसाठी पत्नीला किंवा मुलांना पालक नेमण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आहेत. वाट आहे, पण वकील, डॉक्टरांचे अहवाल, वेळ, पैसा. भावंडांचं पटत नसेल तर विचारूच नका.

म्हणून विस्मरणाचं निदान झालं की त्याच आठवड्यात, त्यांना कळतंय तोवर, त्यांच्याबरोबर बसा. त्यांच्याबरोबर, त्यांच्या पाठीमागे नव्हे. लॉकर कुठे, पॉलिसी कुठली, कुणाला हातउसने दिलेत, सगळं विचारून घ्या. खातं जोडनावावर करा आणि फॉर्मवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ आहे ना, ते डोळ्यांनी बघा. ‘फॉर्मर’ असेल तर पहिलं नाव हयात असेपर्यंत तुमच्या सहीला किंमत नाही. जोडनावाची एफडी मुदतीआधी मोडायलाही बँक दोघांच्या सह्या मागू शकते. म्हणून एकच मोठी ठेवण्यापेक्षा वेगवेगळ्या मुदतींच्या लहान ठेवी बऱ्या. सरकारी पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात; ऐंशी ओलांडलेल्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि पोस्टमन घरी येऊनही तो करून देतो.

आता जरा कडू बोलतो. काही कळत नसलेल्या आईचा अंगठा बक्षीसपत्रावर उठवू नका, मग हेतू कितीही चांगला असो. बँक आजाऱ्याचा अंगठा घेते ती हात चालत नाही म्हणून, समज गेली म्हणून नव्हे.

आणि खर्चाची वही घाला. औषधं, डायपर, रात्रीची बाई; तारीख, रक्कम, पावती. दर महिन्याला त्या पानाचा फोटो बहिणीला पाठवा, तिने मागितला नसला तरी.