प्रवासातील पाठशाळा

वाराणसीच्या समोर, गंगेच्या पूर्व तीरावर रामनगर वसले आहे. काशीनरेशांचा किल्ला आणि सुमारे महिनाभर चालणारी रामलीला यांसाठी ते प्रसिद्ध आहे. लालबहादूर शास्त्री यांचे वडिलोपार्जित घरही येथेच असून ते आता संग्रहालय म्हणून जपले आहे. लहानपणीच पितृछत्र हरपलेल्या लालबहादूरांच्या शिक्षणाची वाट नदीपलीकडे, वाराणसीत होती. नावेसाठी पैसे नसले, की ते पोहून गंगा ओलांडत, अशी आठवण सांगितली जाते. पुढे १९५२ ते १९५६ या काळात तेच देशाचे रेल्वेमंत्री झाले.

घर आणि विद्या यांच्यामधील हे अंतर आजही संपलेले नाही. केवळ त्याचे रूप पालटले आहे. नदीच्या जागी लोहमार्ग आला. जपानमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याचा दिवस याच लोहमार्गावर सुरू होतो. शहराच्या मध्यभागी घरभाडे परवडत नाही, म्हणून तो दूरच्या उपनगरात राहतो. सकाळी वर्ग आणि सायंकाळी अर्धवेळ काम असा त्याचा क्रम असतो. विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला २८ तासांपर्यंतच काम करण्याची मुभा मिळते. अशा दिनक्रमात अभ्यासाला निवांत वेळ उरतो तो बहुधा गाडीतच.

जपानी भाषा वेळ मागते. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे काही आठवड्यांत हाती येतात. परंतु नित्य व्यवहारासाठी शासनाने २०१० मध्ये निश्चित केलेली कांजी चिन्हे २१३६ आहेत. ती एका बैठकीत पाठ होत नाहीत. रोज थोडी थोडी गिरवावी लागतात. येथे रेल्वेस्थानकच फळ्याचे काम करते. स्थानकाचे नाव कांजीत, हिरागानात आणि रोमन लिपीत लिहिलेले असते. रोज तेच फलक पाहता पाहता अनोळखी आकृती ओळखीची होते.

मराठी विद्यार्थ्याला आणखी एक सोय आहे. मराठीप्रमाणेच जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येते आणि शब्दाचा संबंध दाखवणारे चिन्ह नामानंतर लागते. ‘गाडीने जातो’ हे जपानीत ‘देन्शा दे इकु’ असे होते. ‘ने’च्या जागी ‘दे’ येतो. गाडीत ‘त्सुगि वा’ असे शब्द ऐकू आले, की मुंबईच्या लोकलमधील ‘पुढील स्टेशन’ ही उद्घोषणा त्याला सहज आठवते. वाराणसीहून महानगरी एक्सप्रेसने मुंबईत आलेला तरुणही मराठीचे पहिले धडे कित्येकदा अशाच उद्घोषणांतून घेतो. परकी भाषा प्रथम आपली होते, ती गरजेच्या ठिकाणी.

मात्र या पाठशाळेची मर्यादाही ओळखली पाहिजे. जपानी गाडीत मोठ्याने बोलणे किंवा फोनवर संभाषण करणे असभ्य मानले जाते. त्यामुळे तेथे वाचन होते, श्रवण होते; संभाषण होत नाही. जो विद्यार्थी गाडीत शब्द साठवतो आणि खाली उतरल्यावर संकोचाने गप्प राहतो, त्याची भाषा वहीतच राहते. दुकानदाराशी, शेजाऱ्याशी, सहकाऱ्याशी चुकतमाकत बोलण्याचे धैर्य त्याला दाखवावेच लागते.

‘प्रवासातला वेळ वाया घालवू नका’ असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु मुंबईच्या लोकलमध्ये दाराशी लोंबकळत उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला पुस्तक उघडण्याइतकीही जागा नसते. जपानमध्येही गर्दीच्या वेळी डबे खचाखच भरतात. तथापि गाडी वेळेवर येते, डब्यात शांतता असते, फलक स्पष्ट असतात आणि विद्यार्थ्याला सवलतीचा पास मिळतो. तेथील विद्यार्थ्याच्या अभ्यासाला त्याच्या चिकाटीइतकाच या व्यवस्थेचाही आधार असतो. दिवसभर राबून थकलेल्या मुलाने गाडीत डोळे मिटले, तर त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे ठरेल. विश्रांती हाही शिक्षणाचा भाग आहे.

म्हणून येथे दोन कर्तव्ये जोडीने उभी राहतात. विद्यार्थ्याने मिळालेल्या अर्ध्या तासाचे मोल ओळखावे. रोज पाच शब्द शिकले, तरी वर्षाला अठराशेहून अधिक होतात. आणि समाजाने त्याचा प्रवास सुरक्षित, स्वस्त व माणसाला शोभेल असा करावा. पोहून नदी ओलांडणाऱ्या मुलाचे कौतुक जरूर करावे. पण पुढच्या मुलासाठी पूल बांधणे, हाच त्या कौतुकाचा खरा अर्थ होय.