छांग 'ऑथेंटिक', मग मोहाची 'गावठी' कशी?

परीक्षा संपल्या की कुणाचा तरी ग्रुप लडाख नाहीतर स्पितीला जाऊन येतो आणि स्टेटसला फोटो पडतो: लाकडी वाटीत पांढुरकी छांग, खाली कॅप्शन 'एकदम ऑथेंटिक'. तोच पोरगा नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावर मोहाची चाखताना दिसला असता, तर? 'गावठी पितो' म्हणून कॉलेजभर झालं असतं.

खरं तर दोन्हींची कृती बघा. तिकडे जव शिजवतात, त्यात किण्वाची वडी कुस्करतात आणि झाकून ठेवतात. झाली छांग. सिक्कीम-नेपाळकडे हेच आपल्या नाचणीचं करतात. आंबवलेल्या नाचणीवर गरम पाणी ओतून नळीने ओढायची ती तोंगबा आणि आंबवण उकळून वाफ थंड करून धरायची ती रक्सी. सातपुड्यात भिल्ल-पावरा घरांत मोहाच्या फुलांचं होतं ते याहून वेगळं नाही. तीही देवाला वाहतात, लग्नात लागते, मयताला लागते.

फरक पडला तो कायद्याने. इंग्रजांनी १८७८ च्या आबकारी कायद्याने गाळप आपल्या हातात घेतलं. पुढे १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरच वेगळा कायदा आणला. लोकांच्या तब्येतीची काळजी वगैरे काही नव्हती, महसूल बुडत होता! १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतरही घरची मोहाची गुन्ह्यातच राहिली. महाराष्ट्राने २०२१ मध्ये फुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची बंधनं उठवली, पण गाळणं नाही. शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय मिळाला. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून बाजारात आणलं. मग आपल्याकडे का नको? ग्रामसभेला परवाना द्या, तपासणी करा, बाटलीवर गावाचं नाव टाका. माझं मत तरी असंच आहे.

पण थांबा. शेवगावात बसून हे वाचत असाल तर लगेच 'आपली हातभट्टी पण परंपराच की' असं म्हणू नका. (तसंही महाराष्ट्रात पंचविशीच्या आत कडक दारूला परवानगी नाही, हे तुमच्यातल्या बहुतेकांना लागू आहे.) आपल्याकडच्या छाप्याची बातमी आठवा: 'अमुक लिटर कच्चे रसायन नष्ट'. रसायन! काळा गूळ, नवसागर आणि संध्याकाळच्या आत विकायची घाई. त्यात ना कुठला सण, ना कुठला देव. ऊसतोडीवरून, नाहीतर कापूस वेचून आलेल्या माणसाची मजुरी घरी पोचायच्या आत काढून घ्यायचा तो धंदा आहे. 'परंपरा' हा शब्द त्याला उसना द्यायला माझी तयारी नाही.

आणि माणसं मरतात ती बहुतेक वेळा आंबवण्याने मरत नाहीत. धान्य किंवा मोह आंबवून मिथेनॉल अगदी नावापुरतं तयार होतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर लोक गेले, ते कारखान्यातलं मिथेनॉल दारू म्हणून विकल्यामुळे. आपल्या जिल्ह्यातलं पांगरमल तर तुम्हाला आठवत असेलच. फेब्रुवारी २०१७, जिल्हा परिषद निवडणुकीच्या तोंडावरची पार्टी, त्यात विषारी दारू. ती दारू कुणा आजीच्या मडक्यातून आली नव्हती.

म्हणून मोहाला परवाना मागताना हातभट्टी त्याच यादीत घुसवू नये, असं मला वाटतं. सरकारमान्य दुकान नको असेल तर गावातल्या बायका 'आडवी बाटली'ला मतं देऊन ते बंद करू शकतात. हातभट्टीला ना परवाना, ना मतपेटी. एका ठिकाणी फोडली की पंधरा दिवसांत ओढ्याच्या पलीकडे पुन्हा लागते. तिचा पत्ता पिणाऱ्याला बरोबर सापडतो, आणि तक्रार द्यायची ती मात्र त्याच्या बायकोने.