कोपर दुखतंय? दोन दिवसांचा इलाज नको

हिवाळाभर ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्यानं उपसायचं, दिवसभर माऊस फिरवायचा आणि वीकेंडला बॅडमिंटन खेळायचं, असा आम्हा रिचमंड हिलकरांचा क्रम. त्यात कधीतरी चहाचा कप उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. मग व्हॉट्सॲपवर सल्ला मिळतो, ‘इंजेक्शन घे, दोन दिवसांत मोकळा होशील.’ माझा आक्षेप या ‘दोन दिवसां’वर आहे.

या दुखण्याला टेनिस एल्बो म्हणतात, पण ते टेनिस न खेळणाऱ्यांनाच जास्त होतं. पोळ्या लाटणारी आई, रंधा मारणारा सुतार, कोड लिहिणारे आपण, सगळे त्यात आलो. मनगट वर उचलणारे स्नायू टेंडनच्या दोरीनं कोपराच्या हाडाला बांधलेले असतात. तोच ताण रोज पडला की दोरीचे धागे विसविशीत होतात. म्हणजे ही नुसती सूज नव्हे, झीज आहे. सूज गोळीनं उतरते, झीज भरून यायला महिने लागतात.

सचिन तेंडुलकर आठवा. २००४ मध्ये या दुखण्यामुळे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटी हुकल्या. मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं, तरी मैदानात परतायला ऑक्टोबर उजाडला. डिसेंबरमध्ये दिल्लीत त्यानं ३५ वं कसोटी शतक ठोकलं. जगातले उत्तम डॉक्टर दिमतीला असूनही त्याला महिने द्यावे लागले, तिथे आपली काय कथा!

स्टेरॉइडच्या इंजेक्शननं सुरुवातीला बरं वाटतं, हे खरंच. पण ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००६ व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, वर्षभरानंतर इंजेक्शन घेतलेले रुग्ण न घेतलेल्यांच्या मागेच राहिलेले दिसले. मधुमेह असेल तर त्यानं काही दिवस रक्तातली साखरही वाढते. आमच्या भाषेत हा घाईचा पॅच आहे, मूळ बग तसाच राहतो.

मग करायचं काय? हात गळ्यात बांधून बसायचं नाही. पिशवी उचलताना तळवा वरच्या दिशेला ठेवा. माऊस अंगाजवळ घ्या. हाताखाली टेबलाचा आधार घेऊन छोटं वजन धरा, दुसऱ्या हातानं मनगट वर करा आणि मग सावकाश खाली सोडा. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलं तर वजन कमी करा. बहुतेकांचं दुखणं वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरं होतं.

मात्र सगळीच कोपरदुखी टेनिस एल्बो नसते. कोपराच्या टोकाला लिंबाएवढी मऊ सूज आली, तर ती बहुधा तिथल्या बर्सा नावाच्या पातळ पिशवीची. टेबलावर कोपर टेकून बसण्यानंही ती होते. ती लाल, गरम झाली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, जंतुसंसर्ग असू शकतो. सकाळी बराच वेळ सांधे आखडत असतील, बोटंही सुजत असतील, तर सांध्याच्या आतलं अस्तर सुजलेलं असू शकतं. तेव्हा संधिवाताची तपासणी हवी.

इथे ओंटारियोत फॅमिली डॉक्टरांची भेट ओहिपमध्ये होते, पण २० ते ६४ वयाच्या बहुतेकांना फिजिओथेरपीचा खर्च स्वतः किंवा कंपनीच्या विम्यातून करावा लागतो. विम्यात त्यासाठी रक्कम असते आणि अनेकजण ती न वापरताच वर्ष घालवतात. मंडळी, ती वापरा. दोन-चार भेटींत व्यायाम नीट शिकून घ्या आणि पुढचे महिने घरी नेटानं करा. भारतात आई-बाबांचा फोन आला आणि कोपराची तक्रार निघाली, तर त्यांनाही हेच सांगा. इंजेक्शन शेवटी, व्यायाम आधी.