‘स्मेल येतोय’ म्हणजे नेमकं काय येतंय?

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरच्या एका अंगाला कर्नाटकातलं औराद, दुसऱ्या अंगाला तेलंगणातलं मदनूर. औरादकडच्या कन्नडमध्ये ‘कंपु’ म्हणजे सुगंध. मदनूरकडच्या तेलुगूत ‘कंपु’ म्हणजे नाक दाबायला लावणारी दुर्गंधी. (मराठीतला ‘कंपू’ या दोघांचाही कुणी लागत नाही, तो टोळक्याचा.) देगलूरला मराठी शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली. वर्गात हे सांगितलं की पोरं हमखास विचारायची, ‘‘सर, मग खरा अर्थ कोणता?’’ दोन्ही खरे. फक्त कुठल्या बाजारात उभे आहात ते बघून बोला.

वासाच्या शब्दांचं नशीबच असं. संस्कृत ‘घ्राण’ म्हणजे नाक, हुंगणं, वास. प्राकृतात त्याचं ‘घाण’ झालं. आपल्याकडं ती दुर्गंधी झाली आणि पुढं चक्क कचराच झाली. ‘नालीची घाण येते’ यातली घाण नाकाला कळते. ‘दारात घाण टाकली’ यातली खराट्यानं लोटावी लागते. फारसीत ‘बू’ म्हणजे नुसता वास, म्हणून तर खुशबू आणि बदबू अशा दोन पाट्या लावाव्या लागल्या. पण नांदेडात कुणी नुसतं ‘बू’ म्हणालं, की ती बदबूच. तमिळमधला ‘नाट्रम’ जुन्या काव्यात सुगंध होता, आज तो दुर्गंध आहे.

युरोपातही हेच. लॅटिनमध्ये ‘ओडोर’ म्हणजे वास आणि ‘ओलेरे’ म्हणजे वास येणं. धातू एकच, एकात ड राहिला, दुसऱ्यात ल आला. याच कुळातल्या ग्रीक शब्दावरून रसायनशास्त्रज्ञ शॉनबाइननं 1840 साली एका वायूला ‘ओझोन’ नाव दिलं, म्हणजे वास येणारा. ‘ओलेरे’चा स्पॅनिशमध्ये ‘ओलेर’ झाला. फ्रेंचांनी मात्र ‘जाणवणं’ या अर्थाचा ‘सांतीर’ वासाच्या कामाला लावला. तरी सुटका नाही. पुढं काही न जोडता नुसतं ‘सा सां’ (वास येतोय) म्हटलं, की तिथंही लोक नाकाला रुमाल लावतात. गोव्यावर 1961पर्यंत राज्य करणाऱ्या पोर्तुगिजांचा वास मात्र खानदानी: त्यांचा ‘शेइरु’ आला ‘फ्राग्रारे’वरून, म्हणजे सुवास दरवळणं.

आता आपल्या घरांत ‘वास’ म्हणणंही गावंढळ झालंय. फ्रिज उघडला की ‘स्मेल येतोय’. हा उसना शब्द सभ्य राहील असं वाटत असेल तर तो भ्रम आहे. ‘स्मेल’ नासलासुद्धा, चांगल्या वासाला आता ‘फ्रॅग्रन्स’ म्हणतात, म्हणजे पुन्हा तो ‘फ्राग्रारे’च. उद्या तोही नासेल.

इंग्रजी शब्द आला याचं मला फारसं दुःख नाही. देगलूरच्या माणसानं भाषेच्या सोवळ्याच्या गप्पा मारू नयेत. दुःख आहे ते त्या ‘स्मेल’खाली काय काय गाडलं जातंय याचं. लातूरच्या आडत बाजारात मुरलेला माणूस मूठभर सोयाबीन नाकाशी नेतो आणि म्हणतो, ‘कुबट आहे’. म्हणजे माल ओला असताना पोत्यात भरलाय, एका शब्दात निदान झालं. शेंगदाणे खवट, ताक आंबूस, दूध करपट, मटणाचं भांडं वशाट, फोडणी खमंग, भाकरी खरपूस. कुबट असेल तर ऊन द्या, खवट असेल तर फेका, करपट असेल तर गॅस बंद करा. ‘स्मेल येतोय’ ऐकून माणूस काय करणार? खिडकी उघडणार!

दुसरी-तिसरीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पाठ्यपुस्तकाची वाट पाहू नका. ओवा, हिंग, जुने शेंगदाणे, भाजलेलं खोबरं डब्यांत घालून आणा, मुलांचे डोळे बांधा आणि वास ओळखायला लावा. आणि घरच्यांनो, पोरगं ‘स्मेल येतोय’ म्हणालं तर रागावू नका. एवढंच विचारा, ‘‘कसला?’’