‘जर्की’च्या रील्स वऱ्हाडात पोचल्या, पण इथल्या ‘चान्या’ कुठे गेल्या?

जिमवाल्यांच्या रील्समध्ये सध्या एक पदार्थ सारखा दिसतो, बीफ जर्की. चामड्यासारखी दिसणारी मांसाची काळपट पट्टी, तोडायची, चघळायची आणि वर सांगायचं, ‘फुल प्रोटीन भाऊ!’ खाली कमेंटमध्ये प्रश्न ठरलेले. अमरावतीत कुठं मिळंल? अकोल्यात घरी करता येईल का? करायला कायद्यानं परवानगी आहे का?

प्रश्न साधे वाटतात. पण त्यांची उत्तरं शोधायला गेलं की कायदा, जात, शेतकऱ्याचा म्हातारा बैल आणि रेल्वेच्या डब्यातली मारहाण, एवढं सगळं त्या एका पट्टीला चिकटून येतं. म्हणून जरा सविस्तर बघू.

जर्की म्हणजे नेमकं काय?

मांसातली चरबी काढायची, पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ लावायचं आणि पाणी निघून जाईपर्यंत वाळवायचं. एवढंच. हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या ‘चार्की’वरून आला. दक्षिण आफ्रिकेत अशाच पदार्थाला बिलटाँग म्हणतात. फ्रीज नव्हता तेव्हा मांस टिकवायचा हा जगभरातला जुना उपाय.

आणि आपल्याकडे? वाळवण वऱ्हाडाला कोणी शिकवायला नको. उन्हाळा लागला की गच्चीवर मुंगवड्या, खारोड्या, कुरड्या पडतात. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो आणि हवेत ओलावा नावाला नसतो. मग इथं कोणी मांस वाळवलं नसेल?

वाळवलं. त्याचं मराठी नाव आहे चान्या.

चान्या कोणाच्या घरच्या?

गावगाड्यात मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम महार समाजावर लादलेलं होतं. त्या जनावराचं मांस हाच त्या कामाचा मोबदला. बैल मेला की एकदम भरपूर मांस यायचं, एका दिवसात संपायचं नाही. मग लांब पट्ट्या कापून, मीठ लावून त्या दोरीवर वाळत घालायच्या. पावसाळ्यात काम नसायचं, घरात दाणा नसायचा, तेव्हा याच चान्या भाजून किंवा कालवणात टाकून खायच्या.

लेखक शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराची नोंद केली. त्यात चान्याही आहेत. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानेही दलित समाजातल्या अन्नाच्या आठवणी जमवल्या होत्या. मराठी पाककृतींच्या नेहमीच्या पुस्तकांत मात्र चान्यांना जागा मिळाली नाही. म्हणजे रीलमध्ये जी गोष्ट ‘फॉरेन’ म्हणून दिसते, ती आपल्याच मुलखात पिढ्यान् पिढ्या होती. फक्त तिला पदार्थ म्हणून कोणी मोजलं नाही.

मग त्या गेल्या कुठे?

पहिलं कारण कायद्याच्या कितीतरी आधीचं आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असं आवाहन केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते अमरावतीच्या परिषदेला आले, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हा पेटला होता. पुढे १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ या पुस्तकात त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा संबंध मृत गाईचं मांस खाण्याशी जोडून दाखवला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्या काळात असंख्य घरांनी मेलेलं जनावर ओढणं आणि ते खाणं, दोन्ही सोडलं.

हे लक्षात घेतलं पाहिजे. ज्यांच्या घरच्या चान्या होत्या, त्यांच्यापैकी अनेकांनी त्या स्वतः ठरवून सोडल्या. कारण ते अन्न मिळायचं ते माणूसपण गहाण ठेवून. त्यामुळे आज कोणी ‘व्वा, काय पारंपरिक सुपरफूड’ म्हणून चान्यांचं कौतुक करत असेल, तर त्या कौतुकात ही अर्धी गोष्ट गाळली जाते.

दुसरं कारण कायदा.

कायदा नेमकं काय म्हणतो?

महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियम १९७६ चा. सुरुवातीला त्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती. बैल आणि वळू निकामी झाल्याचा दाखला मिळाला तर कापता येत. १९९५ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली, पण राष्ट्रपतींची संमती मिळायला वीस वर्षं लागली. मार्च २०१५ पासून गाईसोबत बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. कत्तलीसाठी वाहतूक आणि विक्री हेही गुन्हे झाले. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड.

या दुरुस्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. ६ मे २०१६ ला न्या. अभय ओक आणि न्या. एस. सी. गुप्ते यांच्या खंडपीठाने निकाल दिला. तो तीन मुद्द्यांत सांगता येतो.

१. गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवरची बंदी योग्य ठरली, ती कायम राहिली.

२. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द झालं. माणसाने घरात काय खावं हा त्याच्या खासगीपणाचा भाग आहे, असं न्यायालयाने मानलं.

३. ‘मी निर्दोष आहे’ हे आरोपीनेच सिद्ध करावं, असं सांगणारं कलमही रद्द झालं. शिवाय राज्यात बेकायदा कापलेल्या जनावराचं मांस बाळगल्याचा गुन्हा लावायचा, तर ते तसं आहे हे त्या माणसाला ठाऊक असलं पाहिजे, असंही न्यायालयाने म्हटलं.

राज्य सरकार याविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलं.

म्हैस आणि रेडा यांच्यावर ही सरसकट बंदी नाही. म्हशीच्या कत्तलीला सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो आणि ती ठरवून दिलेल्या जागीच करावी लागते. दुकानात ‘बडे का’ म्हणून कायदेशीरपणे जे मिळतं ते हेच. भारतातून मांसाची जी मोठी निर्यात होते तीही म्हशीच्याच मांसाची. गोमांसाची निर्यात बंद आहे.

आयातही बंद आहे. अमेरिकेतल्या मावसभावाने बॅगेत टाकून आणलेलं बीफ जर्कीचं पाकीट असो की परदेशी वेबसाइटवरून मागवलेलं, केंद्राच्या आयात धोरणात गोमांस आणि गोमांस असलेला कुठलाही पदार्थ भारतात आणायला मनाई आहे.

थोडक्यात, गाय-बैलाच्या मांसाची जर्की अमरावती-अकोल्यात शोधू नका आणि करूही नका. म्हशीच्या मांसाची करता येते. विकायची असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो आणि मांस कोणत्या जनावराचं आहे हे वेष्टनावर खरं लिहावं लागतं.

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की मांस वाळलं, की ते बैलाचं की म्हशीचं हे डोळ्यांना ओळखू येत नाही. ताज्या मांसात अनुभवी खाटिकाला रंगावरून, चरबीवरून अंदाज येतो. म्हशीची चरबी पांढरी, गाय-बैलाची पिवळसर. पण जर्कीत चरबी काढलेलीच असते आणि रंग काळाच पडतो. खात्रीने सांगायचं तर डीएनए तपासणी लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेत ती होते. म्हणजे पट्टी कायदेशीर आहे की नाही हे प्रयोगशाळाच सांगू शकते, पण रस्त्यावरची गर्दी अहवालाची वाट बघत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे–मुंबई एक्स्प्रेसमध्ये काय झालं ते आठवा. जळगावकडचे एक वृद्ध गृहस्थ मुलीच्या घरी निघाले होते. बरणीत मांस होतं. ते म्हशीचं असल्याचं ते सांगत होते. सहप्रवाशांनी त्यांना मारहाण केली, व्हिडिओ काढला आणि तो देशभर फिरला. नंतर पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटकही केली. पण मार आधीच खाऊन झाला होता.

न्यायालयाने २०१६ मध्ये पुराव्याचं ओझं आरोपीच्या खांद्यावरून काढलं. रस्त्यावर ते अजून त्याच्याच खांद्यावर आहे. म्हणून ज्या मांसाला बंदी नाही, तेही लोक लपवून नेतात, नाहीतर खाणंच सोडतात.

याचा शेतकऱ्याशी काय संबंध?

वऱ्हाडात कापूस-सोयाबीनवाल्या घरात पोळ्याला बैलाची पूजा होते. तोच बैल थकला की दावणीला बांधून त्याला चारा-पाणी करणं छोट्या शेतकऱ्याला परवडत नाही. पूर्वी थकलेला बैल बाजारात विकला जायचा आणि त्या पैशात भर घालून नवा यायचा. २०१५ नंतर हा गिऱ्हाईकच कायद्याने बाद झाला. ट्रॅक्टर आल्याने दुसऱ्या शेतकऱ्यालाही म्हातारा बैल नको आहे.

जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी-विक्रीच थांबवली. म्हशीची कायदेशीर वाहतूक करतानाही गाड्या अडवून मारहाण होते, ही त्यांची तक्रार होती. परिणाम लगेच दिसला. बाजारात जनावर आलं तरी उठाव नव्हता. आमदार सदाभाऊ खोत यांनी शेतकऱ्यांच्या बाजूने हा प्रश्न उचलला. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी कुरेशी प्रतिनिधींसोबत बैठक घेतली आणि गाड्या तपासण्याचा अधिकार पोलिसांना आहे, खासगी लोकांना नाही, अशी भूमिका घेतली.

गोरक्षणाची बाजू मांडणारे म्हणतात की बैलाने आयुष्यभर राबून द्यायचं आणि म्हातारपणी सुरीखाली जायचं, हा कृतघ्नपणा आहे. ही भावना खोटी नाही, पोळ्याचा बैल आठवणाऱ्या कुठल्याही वऱ्हाडी माणसाला ती कळते. राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं तेही याच भावनेतून. पण म्हाताऱ्या बैलाचा चारा कोणी द्यायचा, हा प्रश्न भावनेने सुटत नाही. त्याचं बिल आज शेतकऱ्याच्या नावावर फाटतं.

ठीक आहे, पण जर्की घरी करायची तर कशी?

म्हशीचं, बकऱ्याचं किंवा कोंबडीचं मांस घ्या. पद्धत तीच.

- चरबी पूर्ण काढा. चरबी वाळत नाही, खवट होते.
- मांस फ्रीजरमध्ये तास-दोन तास ठेवून घट्ट करा आणि अर्धा सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या कापा. धाग्याच्या दिशेने कापल्या तर चिवट, आडव्या कापल्या तर मऊ.
- मीठ, लसूण, तिखट, मिरपूड लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा.
- आधी शिजवा, मग वाळवा. अमेरिकेच्या कृषी विभागाचा सल्ला आहे की वाळवण्याआधी मांस आतून ७१ अंशांपर्यंत तापलं पाहिजे, कोंबडी ७४ अंशांपर्यंत. वाफवून किंवा ओव्हनमध्ये हे होतं.
- मग ५५ ते ६० अंशांवर ओव्हन किंवा ड्रायरमध्ये वाळवा. पट्टी वाकवली की तडा जावा, पण तुटू नये.
- गार झाल्यावर हवाबंद डब्यात भरा. साधारण महिना-दोन महिन्यांत संपवा.

‘आमच्याकडे तर ४५ अंश ऊन आहे, ओव्हन कशाला?’ असं वाटेल. उन्हात पाणी जातं हे खरं, पण जंतू मरत नाहीत. शिवाय हळूहळू वाळताना काही जंतू उलट उष्णतेला चिवट होतात. म्हणून शिजवायची पायरी आधी. माश्या आणि धूळ वेगळीच. कुरडईचं गणित मांसाला लावू नका.

आणि ते ‘फुल प्रोटीन’? बीफ जर्कीत १०० ग्रॅममागे साधारण ३३ ग्रॅम प्रथिनं असतात हे बरोबर. पण सोडियमही २ ग्रॅमच्या आसपास असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाची दिवसभराची मर्यादा तेवढीच आहे. बीपी असेल त्यांनी रील बघून थांबावं.

शेवटी काय?

रीलमधल्या माणसासाठी जर्की हा नाश्ता आहे. आपल्याकडे याच पट्टीवर एका समाजाने ती सोडून आपला स्वाभिमान मिळवला, दुसऱ्या समाजाचा धंदा ती नेताना रस्त्यात अडतो आणि शेतकऱ्याला थकलेल्या बैलाचं काय करावं ते सुचत नाही. म्हशीच्या मांसाला कायद्याची परवानगी आहे, पण ते डब्यात घेऊन अमरावती–अकोला एसटीत बसताना पोटात गोळा येणार नाही, याची हमी त्या कायद्यात नाही. पुढच्या वेळी ‘अकोल्यात मिळंल का?’ अशी कमेंट दिसली, तर हे लक्षात ठेवा.